विषय : जिन्यातला दिवा

भाऊजी स्टुलावरून पडून गेले, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. डॉक्टरांनी केलं, पोलिसांनी केलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने तर जरा जास्तच तत्परतेने केलं. एकट्या ताईने केलं नाही.

"हा अपघात नाही," ती म्हणाली.

रविवारची सकाळ होती. भाऊजींना जाऊन महिना होत आला होता आणि मामा नेहमीप्रमाणे दूध, ब्रेड आणि धीर घेऊन आला होता. त्यातलं दूध आणि ब्रेड तिने ठेवून घेतलं.

"अगं ताई, बल्ब बदलायला चढले होते ते. अंधार, पायऱ्या, त्यांचं वय..."

"इतकी वर्षं मी त्या मालिका बघतेय. शिडीवरून पडलेला बघितला, स्टुलावरून पडलेला बघितला, चर्चच्या मनोऱ्यावरून पडलेला बघितला. एकही माणूस आपला आपण पडलेला नाही. एकसुद्धा नाही."

मामा म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. ताईच्या मुलीचा मामा, म्हणून ताईच्या अख्ख्या इमारतीचा मामा. पन्नाशी उलटलेला, पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसून केस पांढरे केलेला, सरळ माणूस. मामा हा शब्द लोक हवालदारालाही वापरतात आणि कोणी बनवलेल्या माणसालाही. पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही अर्थ त्याच्या अंगाला अगदी मापाने शिवल्यासारखे बसले.

ताईला आणि भाऊजींना इंग्लंडातल्या खेड्यांमधल्या खुनांच्या मालिकांचं वेड होतं. मुलीने दूरच्या नोकरीवर जाताना टीव्हीला कसलीशी जोडणी करून दिली, आईबाबांना विरंगुळा म्हणून, आणि आईबाबा जे त्या खेड्यात राहायला गेले ते परत आलेच नाहीत. हिरवंगार गाव. दगडी घरं, त्यांच्या भिंतींवर चढलेले गुलाब. एक चर्च, एक तळं, तळ्यात बदकं, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याच तळ्यात कोणीतरी पालथं. मामाला कधी कळायचं नाही की एवढ्याशा गावात इतके खून पडतात, तर तिथल्या घरांचे भाव टिकतात कसे आणि माणसं उरतात कशी. तो तसं म्हणायचा. भाऊजी म्हणायचे, "अरे, ते सोड. शांतता किती आहे बघ."

आणि शांतता खरंच होती. प्रेत सापडलं तरी तिथे कोणी धावाधाव करत नाही, आधी चहा ठेवतात. मग इन्स्पेक्टर येतो, दारातल्या पायपुसण्याला बूट पुसतो आणि अदबीने विचारतो, काल संध्याकाळी आपण कुठे होतात? म्हातारी बाई त्याच्यापुढे बिस्किटं सरकवते आणि तितक्याच अदबीने खोटं बोलते. कोणी आवाज चढवत नाही. साहेब जेवायला गेलेत, असं कोणी म्हणत नाही. आणि शेवटी सगळ्यांना एका दिवाणखान्यात गोळा करून तो इन्स्पेक्टर सांगतो की हे असं का झालं. का झालं! अंगावर येऊन पडलेल्या कुठल्या गोष्टीचं कारण आपल्याला असं खुर्चीत बसवून, चहा देऊन कोणी सांगितलंय? भाऊजींचा संशय पहिल्यापासून शेवटपर्यंत पाद्र्यावर असायचा. ताईचा बरोबर माणसावर असायचा. दोघांचा संसार त्या एका भांडणावर मजेत चालला होता.

मामाच्या लक्षात आलं की टीव्हीवर पलंगपोस टाकून ठेवलाय. महिनाभर तो लावलाच नव्हता.

"आता मला खऱ्यातच शोधायचंय," ताई म्हणाली. "आणि तू माझा सार्जंट."

"म्हणजे?"

"प्रत्येक इन्स्पेक्टरबरोबर एक असतो. तो गाडी चालवतो आणि चुकीच्या माणसावर संशय घेतो."

"मला गाडी येत नाही."

"दुसरं तरी जमेल," ताई म्हणाली.

नोकरीत इतक्या वर्षांनी हेडक्लार्क झालेल्या माणसाला बहिणीने एका वाक्यात सार्जंट केलं. पण तिची मनगटं मामाने बघितली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि दोन वाक्यं एकापाठोपाठ एक बोलली होती ती आज पहिल्यांदाच. तो हो म्हणाला.

पहिली कामगिरी पोलीस ठाण्याची. टेबलामागच्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अपघाती मृत्यूची नोंद झालीय. प्रकरण बंद आहे."

"ते पुन्हा उघडायचंय."

"संशय कोणावर आहे?"

"अजून ठरायचंय."

"मग ठरवून उद्या या," हवालदार म्हणाला.

ते "उद्या या" ऐकून मामाच्या काळजात चर्रर झालं. शब्दांमुळे नव्हे. सुरामुळे. नजर न उचलता, किंचित लांबवून, दुखावणारही नाही आणि परत बोलावणारही नाही असा तो सूर त्याचा स्वतःचा होता. खिडकीमागे बसून त्याने तो वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केला होता. पलीकडच्या बाजूने तो आज प्रथमच ऐकत होता.

"आपण काय करता?" हवालदाराने विचारलं.

"पाणीपुरवठा. तक्रार विभाग."

हवालदार ताडकन उठून उभा राहिला. त्याने मामाला खुर्ची दिली. हवालदाराच्या घराकडे तीन दिवसांआड पाणी येत होतं आणि तेही धारेने नाही, थेंबाने. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खुनाची तक्रार द्यायला गेलेला माणूस पाण्याची तक्रार घेऊन परत आला, आणि निघताना सवयीने म्हणाला, "उद्या या."

मग घटनास्थळाची पाहणी. भाऊजी राहत होते दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या दारासमोरच्या, जिन्याच्या चौकातला दिवा कित्येक आठवडे बंद होता. कोणी लावत नव्हतं म्हणून एका संध्याकाळी भाऊजी स्वतः स्टूल घेऊन बाहेर गेले, चढले, तोल गेला, आणि पायऱ्यांवरून खालच्या वळणापर्यंत गेले. डोकं आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ताईच्या हुकमावरून मामा त्याच जागी, त्याच स्टुलावर चढला. ताई दारात उभी राहून सूचना देत होती. "हात वर कर. अजून वर. ते तुझ्यापेक्षा उंच होते. आता मागे वळ." मामा वळला आणि खालचा जिना त्याच्याकडे वर बघू लागला. त्याने भिंत धरली. भिंतीचा पोपडा हातात आला.

खालून सेक्रेटरी येत होते. ते थबकले. म्हणाले, "मामा, सोसायटीच्या जागेत पडायचं असेल तर आधी कळवत जा. मागच्या वेळी फार धावपळ झाली."

तपास चाललाय ही बातमी इमारतभर पसरली आणि ज्याला त्याला सल्ला सुचू लागला. तिसऱ्या मजल्यावरचे क्लासवाले सर, म्हणजे घरातच गणिताची शिकवणी घेणारे गृहस्थ, त्यांनी मामाला जिन्यात अडवलं. "हेतू शोधा, मामा. हेतू सापडला की उत्तर आपोआप सुटतं." तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या की त्यांनी त्या दिवशी एक काळं मांजर बघितलं होतं, हवं तर त्या ओळखतील. मामाची बायको म्हणाली, "ताईंना डॉक्टरकडे न्या आणि तुम्हीही बरोबर आत जा." सगळ्यांचं सगळं मामा मुकाट ऐकायचा आणि ताईला जाऊन सांगायचा. ताई तासन्तास खिडकीत बसून विचार करायची. तिच्या डोळ्यांत काहीतरी परत येतंय असं मामाला वाटायचं. ते बरं आहे की वाईट, ते मात्र कळत नव्हतं.

अखेर एक दिवस ती म्हणाली, "सगळ्यांना एका खोलीत बोलाव."

"कशाला?"

"शेवटी तसंच करतात. सगळ्यांसमोर."

भाऊजींच्या घरचा हॉल लहान, म्हणून तळमजल्यावरची सोसायटीची खोली हवी. खोलीसाठी सेक्रेटरी हवेत. सेक्रेटरींना सभा हवी. सभेला सूचना हवी आणि सूचनेला विषय हवा.

"विषय काय लिहू?" सेक्रेटरींनी पेन काढलं.

"भाऊजींचा खून," मामा खालच्या आवाजात म्हणाला.

"छे छे. पोटनियमांत बसत नाही. देखभाल, दुरुस्ती, पार्किंग, यातलं काही सांगा."

बराच खल झाला. शेवटी फळ्यावर सूचना लागली : विषय, जिन्यातला दिवा. खाली कंसात, चहा आहे.

मग प्रत्येकाच्या दारात जाऊन आमंत्रण. कोणीच नाही म्हणालं नाही. आधीच्या वार्षिक सभेला माणसं कमी म्हणून वॉचमनला खुर्चीत बसवावं लागलं होतं, आणि आता शेजारच्या इमारतीतले दोघे विचारत होते की बाहेरच्यांना चालेल का. दिवे-पंखे बघणारा वायरमन आपणहून म्हणाला, "मी येणारच. माझ्यावर आळ नको."

शेवटचं दार राहिलं होतं ते ताईच्या अगदी समोरचं. तिथे नर्सबाई राहायच्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या. पडल्याचा आवाज आल्यावर जिन्यात पहिल्या पोचल्या त्या त्याच. भाऊजींचं डोकं त्यांनीच मांडीवर घेतलं होतं.

"मी येणार नाही, मामा," त्या म्हणाल्या.

"थोडा वेळच या. ताईला बरं वाटेल."

"नाही वाटणार." त्यांनी मामाला आत घेतलं, दार लावलं, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. "मी त्या वेळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवत होते. ते स्टूल मांडत होते. त्यांनी घरात हाक मारली, 'अगं, जरा धरायला ये.' तुमची ताई आतून म्हणाली, 'पाच मिनिटं थांबा हो, आता कळेलच कोण ते.' टीव्ही चालला होता. ते हसले. म्हणाले, 'पाद्रीच असणार,' आणि चढले."



"मला धरता आलं असतं," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांनी मला म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. पिशवी ठेवली आणि आत आले. दूध तापत होतं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "आयुष्यभर रात्रीबेरात्री माणसं धरली, उचलली, वळवली. आणि समोरच्या दाराशी... म्हणून येत नाही. आले आणि कोणी सरळ विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही."

मामा बाहेर आला आणि जिन्यातच बसला. ताईने टीव्हीवर टाकलेला तो पलंगपोस त्याला आता दिसला, म्हणजे खरा दिसला. तिला खुनी का हवा होता ते कळलं. कोणीही चालला असता. सेक्रेटरी, वायरमन, काळं मांजर. फक्त ती सोडून कोणीही.

सभा रद्द करायची, असं ठरवून तो तिच्या घरात शिरला. ताई इस्त्री करत होती. स्वतःची साडी. टेबलावर पाहुण्यांचे कप धुऊन ओळीने पालथे घातले होते.

"आज पोटभर जेवले मी," ती म्हणाली. "किती दिवसांनी. भूकच लागली एकदम."

मामाने सभा रद्द केली नाही. खुर्च्या आणायला गेला.

रविवारी दुपारी खोली गच्च भरली. ताई भिंतीशी उभी होती, ताठ, इस्त्रीच्या साडीत. हातात काही नाही. तिचा आवाजही चढलेला नव्हता. खिडकीबाहेर गुलाबांऐवजी पाण्याचा पंप होता, एवढाच काय तो फरक.

"दिवा इतके दिवस बंद का होता?" तिने सेक्रेटरींना विचारलं.

सेक्रेटरी उठले. कमिटीची मंजुरी लागते, म्हणाले. एका बल्बला? हो, एका बल्बलाही, कारण आधी कोणीतरी न विचारता ट्यूब आणली होती तेव्हा फार बोलणी खावी लागली होती. "मी रोज त्या अंधारातून जात होतो," ते म्हणाले. "मोबाइलचा दिवा लावून जायचो. मला दिसत होतं. म्हणून..." आणि खाली बसले.

वायरमनने त्याला विचारायच्या आधीच सांगून टाकलं. त्याला तीनदा निरोप होता. तीनदा तो उद्या येतो म्हणाला होता. मामाने मान खाली घातली.

"त्याच्या आधी यांनी स्वतः आणून एक बल्ब लावला होता," ताई म्हणाली. "तो चार दिवसांत गेला. बिघडला नाही. गेला. कोणी नेला?"

क्लासवाले सर उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी. मुलांची परीक्षा होती आणि खोलीतला उडाला होता. उद्या आणून लावू म्हटलं."

एकदा बांध फुटला म्हटल्यावर मग काय! पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी कबूल केलं की गच्चीचं कुलूप त्यांच्या मुलाने तोडलं. कोणीतरी उठून सांगितलं की पाण्याच्या टाकीचा पंप तो चोरून जास्त वेळ चालवतो. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या की ते मांजर त्यांचंच आहे. शेजारच्या इमारतीतल्या पाहुण्यांपैकी एकाने, कोणीही विचारलेलं नसताना, आपली गाडी आपण आपल्या नसलेल्या जागेत लावतो असं सांगितलं आणि डोळे पुसले. बावीस कुटुंबांची पापं त्या खोलीत गोळा झाली, आणि एकातही माणूस मारायची ताकद नव्हती.

ताईचा चेहरा उतरत गेला. तिने एकेकाकडे बघितलं.

"एवढ्याएवढ्याने माणूस मरतो?" तिने विचारलं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि नर्सबाई आत आल्या. मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

सर अजून उभेच होते. बल्बची कबुली दिल्यामुळे आलेला हलकेपणा, आणि त्यात गणिताचा स्वभाव, कुठलीही पायरी गाळायची नाही. "माफ करा हं, ताई," ते म्हणाले. वाईट हेतूने मुळीच नाही. "पण पद्धतीप्रमाणे एक विचारायचं राहतं. त्या वेळी आपण स्वतः कुठे होतात?"

ताईने तोंड उघडलं. तिने नर्सबाईंकडे बघितलं. मागे नर्सबाई भिंतीपासून सरळ झाल्या, त्यांनी घसा साफ केला, एक हात वर केला.

"स्टूल माझा होता," मामा म्हणाला.

सगळ्या माना वळल्या.

"म्हणजे, मी दिलेला. आमच्या ऑफिसातला, मोडीत काढलेला. एक पाय ढिला होता त्याचा. मला माहीत होतं. दुरुस्त करून देतो म्हटलं होतं आणि राहून गेलं." त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "माझ्यामुळे झालं ते."

तो स्टूल सागवानी होता. त्यावर शिपायांच्या कित्येक पिढ्या बसल्या, झोपल्या आणि निवृत्त झाल्या होत्या. मोडीत निघाला तो नवीन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या म्हणून. मामाने मागच्याच आठवड्यात स्वतः त्यावर उभं राहून सेक्रेटरींदेखत भिंतीचा पोपडा काढला होता. पण त्या क्षणी हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. खोलीभर एक लांब उसासा पसरला. समाधानाचा. कारण सापडलं होतं. सेक्रेटरींच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं डोळ्यांना दिसलं. सर "हंऽऽ" म्हणून खाली बसले, गणित सुटल्यासारखे.

ताई मामाकडे बघत राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

मग ती वळली. "चहा घ्या सगळ्यांनी."

सगळ्यांनी चहा घेतला, कोणी कोणी दोनदा बिस्किटं घेतली. मामापुढे ट्रे आला नाही. लोक गेल्यावर खुर्च्या त्यानेच उचलल्या.

त्याला वाटलं होतं की घरात गेल्यावर ताई काहीतरी बोलेल. दोघांनाच कळेल असं काहीतरी. तिने दारातूनच सांगितलं, "आता काही दिवस येऊ नकोस." आणि दार लावलं. तो आठवडाभर फोन करत राहिला. तिने उचलला नाही.

खुनी होणं ही गोष्ट मालिकांमध्ये पाच मिनिटांत आटोपते. हातकड्या, गाडी, संपलं. खऱ्यात खुनी झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ऑफिसला जावं लागतं. भाचीचा फोन आला. ती रडत होती. "मामा, तू असा स्टूल दिलासच कसा?" त्याला उत्तर देता आलं नाही, कारण दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. एका चुलतभावाने त्याच्याकडे येणं थांबवलं. दुसरा मुद्दाम आला आणि जाताना घरातल्या खुर्च्या हलवून बघून गेला. मामाच्या बायकोला त्याने खरं सांगितलं, ते रात्रीच्या जेवणाच्या ताटावर. तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि त्यांनी ते घेतलं? तुमच्याकडून?"

"घेतलं."

"मला माफ करता येणार नाही त्यांना."

"तू नको करूस," मामा म्हणाला. त्याला स्वतःला करता येतंय की नाही, याचा त्याला पत्ता नव्हता. सकाळी दाढी करताना एकदम राग यायचा. साबणाचा फेस तसाच राहायचा. मला वाटलंच होतं! काय वाटलं होतं? कधी वाटलं होतं? लहानपणी तिच्या हातून फुटलेल्या बरण्याही त्यानेच आपल्या नावावर घेतल्या होत्या, पण तेव्हा निदान ती त्याला आपल्यातला खाऊ द्यायची.

एकदा बाजारात नर्सबाई भेटल्या. मामाने त्यांना बाजूला घेतलं. "त्या दिवशी तुम्ही बोलायला निघालात, म्हणून मला मध्ये पडावं लागलं. तुम्हाला दोष देत नाही."

नर्सबाई गोंधळून बघत राहिल्या. "मी कुठे बोलणार होते? घरात एकटीला बसवेना म्हणून नुसती येऊन उभी राहिले. मला ठसका लागला होता. त्या बंद खोलीत जीव घुसमटला. हात वर केला तो पाणी मागायला."

मामाने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. मग त्याला हसू आलं. ते हसू काही केल्या थांबेना आणि नर्सबाईंनी त्याला धरून दुकानाच्या पायरीवर बसवलं.

दोन-अडीच महिन्यांनी ताईचा फोन आला. ती काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "डोळे तपासायचेत. थेंब घालतात, मग दिसत नाही. बरोबर कोणीतरी लागतं म्हणाले."

"येतो," मामा म्हणाला.

डोळ्यांच्या दवाखान्यात लांब बाक होता. भिंतीला टेकून माणसं डोळे मिटून ओळीने बसली होती, सगळी वर तोंड करून. मदतनीस बाईने ताईच्या डोळ्यांत थेंब घातले. "मिटून ठेवा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." ताईने मिटले. तिच्या मनगटावरच्या बांगड्या मनगटावरच होत्या, हे मामाने बघितलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आहेस ना?"

"आहे."

"स्टूल चांगला होता."

"हो."

"नर्सबाईंनी सांगितलं तुला?"

शेजारच्या म्हाताऱ्याने तोंड मिटल्या डोळ्यांनीच यांच्याकडे वळवलं.

"पाच मिनिटं म्हटलं मी," ताई म्हणाली. "आणि त्या दिवशीचा खुनी कोण, ते मी बघितलंच नाही. तेवढ्यात आवाज आला. टीव्हीवर तो इन्स्पेक्टर बोलतच होता सगळा वेळ, मला ऐकू येत होतं, पण काय म्हणाला ते आठवत नाही." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. मदतनीस बाई लांबून ओरडली, "आजी, डोळे चोळू नका, औषध जातं!"

"सभा मी कशासाठी बोलावली होती, माहितीये?" ताईने विचारलं. "सगळ्यांना विचारून झालं की शेवटी मी माझं सांगणार होते. सगळ्यांसमोर. एकटीला सांगवत नव्हतं, म्हटलं तसं जमेल. सरांनी विचारलं तेव्हा मी सांगतच होते. तू मध्ये बोललास."

मामाला आपल्या खालचा बाक सरकल्यासारखं वाटलं. "मग ते... मला वाटलंच होतं, ते कशाला म्हणालीस?"

"बरं वाटलं रे," ती म्हणाली. "एकदम बरं वाटलं. तू म्हणालास आणि क्षणभर मला ते खरंच वाटलं. घरी जाऊन मी झोपले. इतक्या दिवसांनी झोप लागली मला. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा तुझ्यापुढे यायची लाज वाटली, म्हणून दार लावून बसले."

मामाने समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचली. मोठ्यापासून बारीक होत गेलेली. शेवटची ओळ त्याला दिसत नव्हती.

"सांगणार आहे मी," ताई म्हणाली. "मुलीला सांगेन. सरांना, सगळ्यांना सांगेन. तुझ्या बायकोलाही. पण अजून नाही होत. खरंच नाही होत." तिने हात पुढे करून चाचपडत त्याचं मनगट शोधलं. "तोपर्यंत तूच राहा."

"राहतो की," मामा म्हणाला.

मदतनीस बाई आली आणि तिने ताईच्या डोळ्यांत आणखी दोन थेंब घातले.